आईला ‘शर्ट’ येत होता, ‘बदलून द्या’ येत नव्हतं

हा या भागाचा लिखित अवतार आहे. ज्यांना लोकलमध्ये ऐकायला नेटवर्क मिळत नाही, त्यांच्यासाठी खास. नेहमीप्रमाणे माझं ‘अं… म्हणजे…’ काढून टाकलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा काय इतिहास झाला? विषय आहे दुकान-दुकान. एकजण दुकानदार, दुसरा गिऱ्हाईक. ‘हाऊ मच इज धिस शर्ट?’ ‘व्हॉट साइझ डू यू वॉन्ट?’ इंग्रजीच्या वर्गात हा खेळ आपण सगळे कधी ना कधी खेळलोय. मलाही तो पोरखेळच वाटायचा. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या आईमुळे मी या खेळाच्या मागे लागलो, आणि मागे जाता जाता थेट चौदाव्या शतकात पोहोचलो.

आधी आईची गोष्ट सांगतो.

आम्ही इचलकरंजीचे. बाबा यंत्रमागावर, आई घरी ब्लाउज शिवते. माझी ताई लग्नानंतर इंग्लंडला, लीड्सला असते. तिच्या बाळंतपणासाठी आई सहा महिने तिकडे जाणार असं ठरलं. आईला मराठी आणि कामापुरतं हिंदी येतं. इंग्रजी म्हटलं की ती हसून विषय बदलते. मी म्हटलं, काळजी नको, मी शिकवतो. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे शिकवणं म्हणजे काय, तर एक्सेल शीट! कपड्यांचे साठ शब्द. एका रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात चित्र.

पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती झाली. आईला साठातले चाळीसेक शब्द आधीच येत होते. शर्ट, पँट, कोट, स्वेटर, सॉक्स, कॉलर, बटण, झिप. ते तर मराठीच झालेत! उरलेले वीस तिने दोन दिवसांत पाठ केले. मी खूश. फक्त एक बजावलं, ‘आई, तिकडे पँट म्हणू नकोस, ट्राउझर्स म्हण. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी पँट्स म्हणजे आतली चड्डी.’ त्यावर ती पाच मिनिटं हसत होती.

मग नोव्हेंबरात ती गेली. दहाएक दिवसांनी ताई डॉक्टरकडे गेलेली असताना आई एकटी कोपऱ्यावरच्या एका कपड्यांच्या दुकानात गेली आणि एक लोकरी जंपर घेऊन आली. घरी येऊन घातलं तर खांद्यात घट्ट, आणि एका बाहीची शिवण उसवलेली. शिवण उसवलेली आहे हे तिला दुकानातच दिसलं होतं बरं का! तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई ती. पण काउंटरवरची मुलगी भराभर काहीतरी बोलली, मागे रांग होती, आणि आईने मान डोलावून पैसे दिले.

फोनवर मी विचारलं, ‘अगं, मग परत का नाही दिलंस?’ ती म्हणाली, ‘काय बोलणार होते रे? मला जंपर येतं, स्लीव्ह येतं, टाइट येतं. पण ‘हे मला नको’ हे कसं म्हणायचं ते तू शिकवलंच नाहीस.’

ते जंपर तिने घडी करून कपाटात ठेवलं. मला वाईट पैशांचं वाटलं नाही. इथे इचलकरंजीत कापड दुकानदाराला तागा उलगडायला लावून, पन्ना मोजून, रंग जातो का ते ओल्या बोटाने बघून, शेवटी ‘नको’ म्हणून उठणारी माझी आई तिकडे मान डोलावून परत आली. ‘इंग्लिश विंग्लिश’मधला तो न्यू यॉर्कच्या कॅफेतला सीन आठवतो ना? पुण्याच्या शशी गोडबोलेला साधं काय हवं ते सांगता येत नाही? तो सीन २०१२ मध्ये थिएटरात बघून मी गहिवरलो होतो. तोच आता माझ्याच घरात झाला.

त्या रात्री मी शोधायला बसलो की लोक परक्या भाषेत खरेदी करायला शिकले कसे. आता आपण टाइम मशीनमध्ये बसू.

पहिला थांबा, ब्रूज. आजच्या बेल्जियममधलं शहर. काळ साधारण १३४० च्या आसपासचा. ब्रूज म्हणजे तेव्हाची कापडाची मोठी पेठ. इंग्लंडहून लोकर यायची, फ्लँडर्समध्ये कापड विणलं जायचं, आणि ते विकत घ्यायला सगळ्या युरोपातून व्यापारी यायचे. आमची इचलकरंजी, फक्त बंदर जोडलेली! या शहरातल्या एका शाळामास्तराने एक पुस्तक केलं. एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला फ्लेमिश. नाव होतं ‘लिव्र दे मेस्तिए’, म्हणजे धंद्यांचं पुस्तक. त्यात नमस्कार-चमत्कार आहेत, घरातल्या वस्तू आहेत, कपडे आहेत, विणकर-रंगारी-शिंपी अशा कामकऱ्यांची नावानिशी यादी आहे. आणि त्यात कापडखरेदीचा संवादही आहे. गिऱ्हाईक दुकानदारीण बाईला कापडाचा भाव विचारतो आणि घासाघीस सुरू होते.

या पुस्तकाचं इंग्रजी रूप कोणी छापलं माहितीये? विल्यम कॅक्स्टनने. हो, तोच, ज्याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. साधारण १४८० ला त्याने याच पुस्तकाची फ्रेंच-इंग्रजी आवृत्ती छापली. पण कॅक्स्टन मुळात कोण? कापडव्यापारी! १४३८ मध्ये तो लंडनच्या एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला, आणि पुढे कित्येक वर्षं ब्रूजमध्येच राहून धंदा करत होता. म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकाने जी सुरुवातीची पुस्तकं छापली, त्यांत ‘परक्या देशात कापड कसं घ्यावं’ हे होतं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलंय की जो हे नीट शिकेल, त्याला एका देशातून दुसऱ्या देशात व्यापार करता येईल.

आता यात जोखीम काय होती ते बघा. कापड मोजायचं तेव्हाचं माप होतं ‘एल’. इंग्लंडचा एल ४५ इंचांचा, म्हणजे सव्वा वार. फ्लँडर्सचा एल २७ इंचांचा, म्हणजे पाऊण वार. शब्द एकच! लंडनच्या हिशेबाने शंभर एल समजून तुम्ही ब्रूजमध्ये शंभर एल कापड घेतलंत, तर घरी येऊन मोजल्यावर पन्नास वार कमी. नुसता शब्द पाठ असून भागत नाही. ‘तुमचा एल केवढा?’ हा प्रश्न विचारता यायला हवा.

दुसरा थांबा, अँटवर्प. सोळाव्या शतकात तिथे नोएल दे बेर्लेमाँ नावाचा मास्तर होऊन गेला. त्याने फ्रेंच-फ्लेमिश संवादांचं छोटंसं पुस्तक लिहिलं. जेवणाची पंगत, खरेदी-विक्री, उधारी वसूल करणं, खानावळीत उतरणं असे त्यातले प्रसंग. मास्तर १५३१ मध्ये वारले, पण पुस्तक थांबलं नाही. पुढची शंभरहून जास्त वर्षं ते छापलं जात राहिलं, आणि त्यात भाषांची भर पडत गेली. सहा भाषा, सात भाषा, शेवटी आठ भाषा, शेजारी शेजारी रकान्यांत. एकच संवाद, आठ लोकलायझेशन फाइल्स! आपण ॲपमध्ये जे करतो तेच.

आणि याचा हात किती लांब पोहोचला बघा. फ्रेडरिक दे हौटमन नावाचा डच खलाशी १५९९ मध्ये सुमात्राच्या आचे इथे कैदेत पडला. कैदेत तो मलय भाषा शिकला आणि सुटून घरी गेल्यावर १६०३ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याने मलय संवादांचं पुस्तक छापलं. त्या संवादांचा साचा? बेर्लेमाँ मास्तरांचा.

पण मला सगळ्यात भिडला तो तिसरा थांबा. लंडन, १५८६.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. १५७२ मध्ये फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट लोकांचं मोठं हत्याकांड झालं. त्यांना ह्युगेनॉट म्हणायचे. जीव वाचवून यातले बरेच जण इंग्लंडला पळाले. नेदरलँड्सच्या बाजूनेही निर्वासित येतच होते. त्यांत कितीतरी विणकर, रंगारी, शिंपी. हातात कसब होतं, तोंडात भाषा नव्हती. आणि लंडन काही हार घेऊन उभं नव्हतं. ‘हे परके आमचा धंदा खातात’ ही ओरड तेव्हाही होती. १५९३ मध्ये तर लंडनच्या डच चर्चच्या आवाराच्या भिंतीवर या लोकांना उघड धमकी देणारा मजकूर कोणीतरी लावला होता.

अशा शहरात तुम्ही नवे आहात. घरात पोरं भुकेली आहेत. तुम्हाला बाजारात जावंच लागणार. तोंड उघडलं की कळणार, हा परका.

याच लोकांसाठी झाक बेलो नावाच्या शिक्षकाने १५८६ मध्ये ‘फॅमिलिअर डायलॉग्ज’ हे पुस्तक काढलं. तो स्वतःही फ्रान्समधून आलेला, काँ शहराचा. पुस्तकात एका कुटुंबाचा दिवस आहे. सकाळी उठणं, कपडे घालणं, पोरांना शाळेत पाठवणं, आणि मग बाजार. कोंबडीवाला, फळवाला, कापडवाला, मासळीवाला, खाटीक. प्रत्येक दुकानात भाव विचारणं आणि घासाघीस.

या पुस्तकाला तीन रकाने होते. पहिल्यात इंग्रजी, दुसऱ्यात फ्रेंच, आणि तिसऱ्यात तेच इंग्रजी वाक्य, पण फ्रेंच माणसाला वाचता येईल अशा स्पेलिंगमध्ये. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच! कारण आईच्या वहीत तिने स्वतः हेच केलं होतं. ‘हाऊ मच इज धिस’ असं देवनागरीत. मी तिला म्हणालो होतो, ‘असं नको गं लिहू, सवय लागेल.’ आणि इथे साडेचारशे वर्षांपूर्वी एक मास्तर निर्वासितांना तीच वही छापून देत होता.

या तिन्ही थांब्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. संवादातलं गिऱ्हाईक नकार देतं. महाग आहे म्हणतं. कमी करा म्हणतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही पुस्तकं फक्त ‘हॅपी पाथ’ शिकवत नव्हती. हॅपी पाथ म्हणजे सगळं सुरळीत झालं तर काय होईल तो रस्ता. ती ‘एज केस’ही शिकवत होती. कारण लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की परक्या माणसाला पहिला फटका तिथेच बसतो.

मग हे हरवलं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी.

एक, शाळेत. एकोणिसाव्या शतकात परकी भाषा म्हणजे व्याकरण आणि भाषांतर हे समीकरण पक्कं झालं. नियम पाठ करा, वाक्यं उलटी-सुलटी करा. आपल्याकडे आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकल्या, त्या याच वळणाच्या. त्यांचं इंग्रजी पक्कं होतं, यात वादच नाही. पण ती पद्धत तुम्हाला कचेरीसाठी तयार करायची, काउंटरसाठी नाही. इंग्लंडात हेन्री स्वीट नावाच्या भाषातज्ज्ञाने १८९९ मध्ये अशा पुस्तकांतल्या निरर्थक वाक्यांवर सडकून टीका केली. त्याआधी १८७८ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला मॅक्सिमिलियन बर्लिट्झची शाळा निघाली होती. मातृभाषा बाजूला ठेवायची, वस्तू हातात धरायची आणि बोलायचं. हा कोट, ही टोपी. वर्गात वस्तू आल्या, आवाज आला. पण वस्तू दाखवून शिकवलं की नाम पटकन येतं. नकार कसा दाखवणार?

दुसरं, खुद्द दुकानात. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ते आईनेच दाखवलं. जायच्या आधी आम्ही सराव करत होतो. मी चादर पसरून दुकानदार झालो होतो. तिने एक्सेलमधली वाक्यं म्हटली आणि मग विचारलं, ‘आता कमी कसं करायचं?’ मी म्हटलं, ‘आई, तिकडे फिक्स रेट असतो.’ तर म्हणाली, ‘घासाघीसच नाही, तर मग बोलायचं काय?’

तेव्हा मी हसलो. पण प्रश्न इतिहासाचा होता! पॅरिसमध्ये १८५२ पासून आरिस्तीद बूसिको याने ‘बाँ मार्शे’ हे दुकान नव्या पद्धतीने चालवायला घेतलं. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, सगळ्यांना तोच भाव. हा प्रयोग करणारा तो एकटाच नव्हता, पण त्याच्या दुकानाचं नाव गाजलं. चिठ्ठी लागली आणि घासाघीस संपली. गिऱ्हाईक मुकाट्याने खरेदी करू शकतं, हे नवीनच होतं. धड्यातला संवादही मग तसाच रोडावला. साइझ, रंग, किंमत, थँक यू.

पण त्याच दुकानाने आणखी एक गोष्ट रूढ केली. माल पसंत नसेल तर बदलून किंवा परत घेणं. म्हणजे ‘नाही’ म्हणायचा हक्क गेला नाही, त्याची जागा बदलली. आधी तो पैसे देण्यापूर्वी वापरायचा होता, आता पावती घेतल्यानंतर. आपले धडे मात्र या नव्या जागेपर्यंत पोहोचलेच नाहीत.

अगदी सगळेच पोहोचले नाहीत असं नाही. १९७५ मध्ये युरोपच्या काउन्सिलसाठी फान एक या डच अभ्यासकाने ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ नावाचा आराखडा मांडला. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. परक्या देशात पाऊल टाकणाऱ्या माणसाला कमीत कमी काय बोलता यायला हवं, याची ती यादी. त्यात खरेदी आहे, कपडे आहेत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे यादी नुसत्या शब्दांची नाही, भाषेने करायच्या कामांची आहे. विचारणं, नकार देणं, नापसंती सांगणं. पुढे वर्गात रोल प्ले रुजला त्यामागे हाच विचार होता. ब्रूजच्या मास्तराला जे उपजत कळत होतं, ते सहाशे वर्षांनी कमिटीने लिहून काढलं.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये इंग्रजी पहिलीपासून आलं २००० साली. म्हणजे माझी पिढी त्याच्या पहिल्या काही बॅचेसमधली. आम्ही दुकान-दुकान खेळलो, पण आमचं गिऱ्हाईक कायम समाधानी असायचं.

एक मिनिट, इथे एक गंमत सांगायलाच हवी. शब्दांची काळजी आपण मराठी माणसांनी खरंच कमी करावी. कपड्यांचे शब्द बाजारातून इकडचे तिकडे आपसूक जातात. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा जाड्या कपड्याचा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय. ‘पजामा’, ‘शॉल’, ‘खाकी’ इकडूनच गेले. ‘चिंट्झ’ म्हणजे आपलं चीट. आणि आजोबांचं गंजीफ्रॉक? त्यातली गंजी म्हणजे इंग्लिश खाडीतलं गर्न्सी बेट, तिथल्या विणलेल्या जर्सीवरून. पाटलोण इंग्रजीतून आली, इस्त्री आणि फीत पोर्तुगीजांकडून. हे शब्द आणायला कोणी शाळा काढली नव्हती. दोन माणसं कापडाच्या दोन टोकांना उभी होती, एवढंच.

आता परत आईकडे.

पुढच्या रविवारी मी व्हिडिओ कॉलवर दुकानदार झालो. यावेळी एक्सेल नाही. मी ठरवून वाईट दुकानदार झालो. भराभर बोललो. ‘सॉरी?’ म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. पावती मागितली. मधेच ‘नेक्स्ट प्लीज’ म्हटलं. पहिल्यांदा आई गप्प झाली. दुसऱ्यांदा चिडली, तेही मराठीत! तिसऱ्यांदा म्हणाली, ‘वेट. प्लीज वेट.’ मला वाटतं, या सगळ्या अभ्यासक्रमातलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच. आम्ही चार वाक्यंच पक्की केली. थांबा. हळू बोला. हे फाटलंय. मला बदलून हवंय.

मंगळवारी ती एकटी गेली. ताई म्हणाली मी येते, तर हिने तिला घरीच बसवलं. पावती होती, मुदत होती.

आल्यावर तिचा फोन. मी विचारलं, ‘वाक्यं म्हणालीस का सगळी?’ म्हणाली, ‘कुठली रे! दोन विसरले.’ काउंटरवर वेगळीच मुलगी होती. आईने ‘प्लीज वेट’ म्हटलं, जंपर उलटं केलं, बाहीच्या आतली उसवलेली शिवण बोटाने ताणून दाखवली आणि म्हणाली, ‘स्टिच ओपन. नॉट गुड. चेंज.’ त्या मुलीने शिवण बघितली, पावती बघितली, आणि एक साइझ मोठं जंपर आणून दिलं.

व्याकरण? शून्य. पण आईने ते नवीन जंपर लगेच पिशवीत घातलं नाही. काउंटरवरच उलटं केलं, दोन्ही बाह्यांच्या शिवणी तपासल्या, आणि मगच ‘ओके’ म्हणाली. मागे रांग होती. ती थांबली.

तुमच्या घरात कोणी परदेशी किंवा नुसतं मोठ्या शहरात निघालं असेल आणि तुम्ही त्यांना इंग्रजी शिकवणार असाल, तर शब्दांच्या यादीवर जास्त वेळ घालवू नका. ते त्यांना येतात. तुम्ही थोडे वाईट दुकानदार व्हा, आणि त्यांना घरातच ‘नको’ म्हणायची सवय होऊ द्या.

तुमच्या आई-बाबांचा, आजी-आजोबांचा असा काही अनुभव असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, परवानगी असेल तर पुढच्या भागात ऐकवू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटूच!